गुंतवळ मोजणारी जमात

टक्कल पडेल म्हणून धास्तावलेल्यांच्या आमच्या जमातीत येण्यासाठी अर्ज लागत नाही. वय बावीस-तेवीस असावं, लिफ्टच्या छताला दिवा असावा आणि समोर आरसा, एवढं पुरतं. उजेड वरून पडला की केसांमधून टाळू चमकते आणि तळमजल्यापासून सातव्यापर्यंत माणसाला दुसरं काही दिसत नाही. खरं म्हणजे डोक्यावर दिवा आणि केस ओले असले तर कुणाचीही टाळू दिसते. शेजारी उभ्या असलेल्या दाट केसांच्या इसमाचीही दिसत असते. पण आम्ही तिकडे बघत नाही. बघितलंच तर मत्सराने.

पुढचा मुक्काम मोरीची जाळी. तिथलं गुंतवळ उचलायचं, पांढऱ्या फरशीवर पसरायचं आणि मोजायला बसायचं. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि त्यातले ५० ते १०० रोज गळतात, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी मोजणी चालूच. यातली गोम अशी, की चार दिवस डोकं धुतलं नाही तर सुटलेले केस वरच अडकून राहतात आणि पाचव्या दिवशी एकदम बाहेर पडतात. तो पुंजका बघून माणूस हबकतो आणि पुढची अंघोळ डोकं वाचवून करतो. मग पुढचा पुंजका आणखी मोठा. शिवाय साचलेल्या तेलकटपणावर कोंडा पोसला जातो, तो वेगळाच.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की ‘मुळासकट गेला’ म्हणून सुतक सुरू. तो ठिपका मूळ नव्हे. मूळ कातडीतच राहतं. केस २ ते ६ वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो, तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि मग जागा सोडतो. त्याच जागी नवा येतो, आणि काळजी करायचीच तर या नव्याची करावी. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. कपाळाच्या कोपऱ्यांतली आणि भोवऱ्याजवळची मुळं ज्यांची त्याच्यापुढे हळवी, त्यांच्याकडे नव्या केसाची गत मुंबईतल्या भाडेकरूसारखी होते: दर करार संपला की आधीपेक्षा लहान खोली. केस बारीक, आखूड आणि कमी मुदतीचा होत जातो. म्हणून जाळीत किती पडले याला फारसा अर्थ नाही. कोपऱ्यातले केस आणि डोक्याच्या मागचे केस चिमटीत धरून जाडी ताडून बघा. कोपऱ्यातले मऊ, बारीक आणि कितीही थांबलं तरी वाढेनासे झाले असतील, तर मामला खरा.

मामला म्हणजे मामा, असं घरचे सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे. या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडून मिळतं. पण टकलामागे जनुकं पुष्कळ आहेत आणि ती वडिलांकडूनही येतात. तेव्हा लग्नात मामाच्या डोक्याकडे टक लावून बघणाऱ्या भाच्याने एकदा काकाकडेही नजर टाकावी.

याहून फसवी गोष्ट तापाची. डेंगी, टायफॉइड, शस्त्रक्रिया किंवा महिनाभर उपाशी राहून केलेलं डाएट, यांनंतर बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडतात. तोवर ताप कुणाच्याच लक्षात नसतो. मग आळ येतो नव्या शांपूवर, हॉस्टेलच्या टँकरच्या पाण्यावर नाहीतर हेल्मेटवर. हेल्मेट बिचारं निर्दोष! ही गळती सगळ्या डोक्यावरून सारखी होते, कोपरे निवडत नाही, आणि बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते. थांबेल त्या आठवड्यात जे तेल चालू असेल, ते तेल पुढची तीस वर्षं खानदानी औषध म्हणून मिरवतं.

तेलाबद्दल आजीशी भांडू नये, तिचं अर्धं बरोबर आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण हा फायदा बाहेर आलेल्या केसाचा. माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या काहीही उकळा, मुळाशी चाललेल्या प्रकरणात तेलाला मत नाही. कांद्याच्या रसाचा एक छोटा प्रयोग झाला होता, तोही चाईवर, म्हणजे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो त्या वेगळ्याच आजारावर. आपल्या कोपऱ्यांवर कांदा चोळला तर लोकलमध्ये बसायला जागा मात्र मिळते.

मग उरतं मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध; गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, तेव्हा ते डोक्याला लावायची कल्पना निघाली. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं द्रावण, सकाळी १ मिली, रात्री १ मिली. ६० मिलीची बाटली म्हणजे बरोबर महिना. चुका ठरलेल्या आहेत. पहिली, ते केसांना लावणं. भांग पाडत जाऊन कोरड्या टाळूवर थेंब पडले पाहिजेत. दुसरी, लावून लगेच आडवं होणं. दोनेक तास वाळू द्यावं, नाहीतर उशी केसाळ होत नाही पण गालावर लव येऊ शकते. हात धुवावेत. घरात मांजर असेल तर फारच जपावं, तिच्या पोटात थोडंसं गेलं तरी जिवावर बेतू शकतं. तिसरी चूक सगळ्यात महाग: सुरुवातीच्या दोनेक महिन्यांत गळती वाढते, कारण जुने केस नव्यांना जागा करून देतात. नेमकं तेव्हाच घाबरून बाटली मोरीत ओततात. फरक कळायला किमान चार महिने लागतात आणि बंद केलं की कमावलेलं तीन-चार महिन्यांत जातं. थोडक्यात, हा हप्ता आहे आणि त्याला मुदत नाही.

फिनॅस्टेराइड ही गोळी डीएचटीच कमी करते. केसांसाठी रोज १ मिलिग्रॅम. ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेट ग्रंथीच्या दुखण्याची, ती ब्लेडने चार तुकडे करून खाणारे हिशेबी लोक आमच्यात आहेत. काही थोड्या जणांना कामेच्छा कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात, म्हणून हे डॉक्टरला विचारूनच घ्यावं, जिममधल्या मित्राला विचारून नव्हे. आणि फुटलेल्या गोळीला गर्भवतीने हात लावू नये. बायोटिनच्या गोड गोळ्यांबद्दल एवढंच, की शरीरात कमतरता नसेल तर केसांना त्यांचा उपयोग दिसत नाही, मात्र थायरॉइडच्या तपासणीचे आकडे बिघडू शकतात. रक्त द्यायच्या आधी त्या खाता हे सांगावं.

बाविसाव्या वर्षी केस रोवून घ्यायला निघालेल्याला थोपवावं, असं माझं ठाम मत आहे. मागचे केस काढून पुढे लावतात आणि ते टिकतात, कारण मागच्या मुळांना डीएचटीचं वावडं नसतं. पण मूळचे केस मागे सरकायचे थांबलेले नसतात. दहा वर्षांनी कपाळावर सुरेख झुलूप, त्यामागे मोकळी पट्टी आणि मागच्या बाजूचा साठा संपलेला. शिवाय रोवलेले केस पहिल्या दोन महिन्यांत गळून पडतात आणि खरा निकाल वर्षाने दिसतो; तारीख लग्नाच्या आदल्या महिन्यातली घेणाऱ्याने मुंडावळ्या रुंद बांधाव्यात.

केसांवर भुरभुरायची काळी पूडही मिळते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ती छान दिसते. पंख्याखाली बसलं तरी चालतं. जुलैत कोकणातलं स्थळ असेल तर छत्री मोठी न्यावी.

हे काहीच नको असेल तर सलूनमध्ये ‘दोन नंबर मशीन’ म्हणावं. ६ मिमीला कोपरे आणि बाकीचं डोकं यांतला फरक निम्म्याने झाकला जातो, वाढवून आडवे ओढलेले केस तो उलट दाखवून देतात. त्यानंतर टाळूला ऊन थेट लागतं, तेव्हा एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन हवं, आणि ते जेलचं घ्यावं. क्रीम केसांत पांढरं राहतं, आणि मे महिन्यात घामाबरोबर डोळ्यांत उतरलं की सिग्नलला उभा असलेला माणूस टकलासाठी रडतोय असं मागच्या रिक्षावाल्याला वाटतं.