रिकाम्या कुंडीची राखण

आमच्या तळमजल्यावरच्या घराच्या मागे तीन हात रुंदीची एक पट्टी आहे. तिला मी 'सावलीतली बाग' म्हणतो, घरातले 'मागचं' म्हणतात. तिथे दुपारी पंधरा मिनिटं ऊन येतं, तेही वरच्या मजल्यावर चादरी वाळत नसतील तर. गुलाबाने तिथे फक्त काटे धरले. मोगऱ्याने तीन वर्षं खत खाल्लं आणि एक कळी दिली नाही. शेवटी कोकणात बाग असलेला एक मित्र म्हणाला, "अरे, रानहळद लाव. सह्याद्रीत झाडांच्या सावलीतच वाढते. तिला काही करावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हाच कागदावर लिहून घ्यायला हवं होतं.

त्याने बागेतले दोन गड्डे दिले. पहिल्या पावसाळ्यात कर्दळीसारखी रुंद, हिरवीगार पानं आली. फूल नाही, पण मी खूश. पाऊस सरला तशी पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. आणखी पिवळी पडली. शेणखत घातलं. दिवाळीला कुंडीत नुसती माती.

"झोपलीय ती," मित्र फोनवर म्हणाला. "पावसाळा संपला की रानहळद जमिनीखाली जाते. आता पाऊस पडेपर्यंत पाणी घालू नकोस, गड्डा कुजेल."

मी तोवर रोज तांब्याभर घालत होतो. उकरून पाहिलं. एका गड्ड्यात बोट सरळ आत गेलं, उकडलेल्या बटाट्यात जावं तसं. दुसरा टणक होता.

मग त्या दुसऱ्याची राखण सुरू झाली. आमच्या घरात रिकामी कुंडी ही सार्वजनिक मालमत्ता असते. आईने तिच्यात नारळाच्या शेंड्या टाकल्या. कामाच्या मावशींनी फरशीचं उरलेलं पाणी ओतलं. बायको मिरचीचं रोप घेऊन आली. मुलीने एका सकाळी साश्रू नयनांनी तिच्यात मेलेला मासा पुरला आणि वर आइस्क्रीमची काडी रोवली. मासा काढावा तर ती रडणार, ठेवावा तर मांजर उकरणार. (मांजराने उकरलं.) शेवटी मी पाटी लावली : 'आत झाड आहे'. कोणी विश्वास ठेवेना, म्हणून खाली लिहिलं : 'झोपलेलं आहे'. पाहुणे पाटी वाचून माझ्याकडे बघायचे. बायको त्यांना हळूच सांगायची, "असू दे, त्याला बरं वाटतं."

जानेवारी ते मे मी कोरड्या मातीकडे बघत काढले. एकदा मध्यरात्री टॉर्च घेऊनही गेलो होतो, पण ते जाऊ दे.

जूनमध्ये पाऊस झाला आणि एका सकाळी मातीतून पानाच्याही आधी फुलांचा दांडा वर आलेला दिसला. वीतभर कणीस, खाली हिरवे द्रोण एकावर एक रचलेले, टोकाला गुलाबी-जांभळा तुरा. अख्खं घर 'मागचं' बघायला आलं. "काय सुंदर फूल!" सगळे तुऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी सांगत होतो की ते फूल नव्हे, ती नुसती रंगीत छदं, म्हणजे फुलासारखी दिसणारी पानं. खरं फूल खालच्या द्रोणातून डोकावतंय, ते पिवळं. कोणी वाकून बघेल तर शपथ. मग मी शास्त्रीय नाव काढलं : कुर्कुमा स्यूडोमोन्टाना. 1839 साली जॉन ग्रॅहमने दिलेलं. 'स्यूडो' म्हणजे खोटी.

"नावातच आहे," बायको म्हणाली. "तरी आठ महिने आम्हाला खरं म्हणून सांगत होतास."

पण सगळ्यांत जास्त रस आईने घेतला. ती शेतकऱ्याची लेक. रोज पानांना हात लावून बघायची, मातीत बोट घालायची. मला भरून आलं. घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे!

ऑक्टोबरात पानं पुन्हा पिवळी पडली. या वेळी मी शहाणा होतो. पाणी बंद केलं, पाटी धुऊन-पुसून परत लावली आणि निश्चिंत मनाने झोपलो. सकाळी मागे खरवडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर आई पदर खोचून कुंडीपुढे बसलेली, हातात खुरपं.

"आई, काय करतेयस?"

"अरे, पानं वाळली की हळद काढायची असते," ती म्हणाली. "सूप आण जरा."