मार्था जेवण वाढत होती, तीही उपासनाच होती (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, सलाम.

मंडळीतल्या (चर्चमधल्या) माणसांच्या वेगवेगळ्या सेवांवर मी लिहिलेला लेख तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही तो का पटला नाही हे नीट मांडलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. वचनाची घोषणा, प्रार्थना आणि उपास हीच देवाची खरी सेवा. दवाखान्यात सोबत करणं, दुसऱ्यांची पोरं सांभाळणं, स्वयंपाक करणं ही समाजसेवा. ती सरकार करतं, देव न मानणाराही करतो. आधार म्हणून तुम्ही दोन उतारे दिलेत: प्रेषितांनी, म्हणजे येशूनं पाठवलेल्या शिष्यांनी, पंगतीची सेवा स्वतःकडे घेतली नाही (प्रेषितांची कृत्ये 6), आणि येशू घरी आला असता, त्याच्या पायाशी ऐकत बसलेली बहीण मरीया कामाला हात लावत नाही अशी तक्रार करणाऱ्या मार्थेला प्रभूनं टोकलं (लूक 10).

सहाव्या अध्यायात तक्रार कशावरून उठली? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहुदी विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषित म्हणाले, वचन सोडून आम्ही पंगतीकडे बघणं बरोबर नाही. पण त्यापुढचं वाचा ना भाऊ. त्या कामासाठी सात जण निवडायला सांगितले आणि अट घातली की ते पवित्र आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेले असावेत. वाटपासाठी! मग त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हलक्या कामासाठी कुणी असं करतं का? त्याच सातांत स्तेफन होता, ज्यानं पुढे जीव दिला, आणि फिलिप्प होता, ज्यानं शोमरोनात सुवार्ता सांगितली. प्रेषितांनी कामं वाटून घेतली, त्यांची उतरंड लावली नाही.

आता मार्था. लूकच्या उताऱ्यात प्रभू तिला स्वयंपाकाबद्दल बोलत नाही; जिवाची तगमग आणि बहिणीवरची चिडचिड याबद्दल बोलतो. आणि तिची गोष्ट तिथे संपत नाही. भाऊ लाजर वारल्यावर, प्रभूनं त्याला पुन्हा जिवंत करण्याआधी, 'तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस' अशी कबुली देणारी हीच मार्था (योहान 11). पुढे बेथानीत प्रभूसाठी जेवण केलं, तेव्हा लाजर पंक्तीला बसलाय, मार्था वाढतेय आणि मरीया जटामांसीचं मोलाचं तेल प्रभूच्या पायांना लावतेय (योहान 12). एकाच घरात तीन माणसं, तिघांची भक्ती तीन तऱ्हेची. या वेळी मार्थेला कुणी थांबवलं नाही. आक्षेप आला तो मरीयेवर, तोही यहूदा या शिष्याकडून: हे तेल 300 दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? प्रभूनं तिची बाजू घेतली. म्हणून हा उतारा मी माझ्यासारख्यांनाही वाचायला सांगते. रात्रभर गुडघ्यावर बसणाऱ्याला 'याचा उपयोग काय' असं विचारायचा हक्क आम्हाला नाही.

आता नंदुरबारच्या सिव्हिलमधलं सांगते. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातून माणसं पोराला घेऊन येतात. सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) दुखणं उठलेलं असतं, हातपाय असे ठणकतात की पोरगं कुणाला अंगाला हात लावू देत नाही. आईबाप पावरी, ही तिथल्या आदिवासींची बोली, बोलतात. केसपेपर कुठल्या खिडकीवर, रक्ताची चिठ्ठी कुठे द्यायची, औषध कुठे मिळणार, काही उमगत नाही. आमच्या मंडळीतले एक निवृत्त गुरुजी सकाळी त्या रांगेपाशी उभे असतात. कागद हातात घेतात, खिडकी दाखवतात, डॉक्टर काय म्हणाले ते पावरीत समजावतात, पोराला पाणी भरपूर पाजायला सांगतात. धर्म विचारत नाहीत, धर्माचं बोलतही नाहीत, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. आजारी लेकरू मांडीवर असलेल्या माणसाला मदतीच्या बदल्यात काही ऐकवणं मला कधीच रुचलं नाही. पण गुरुजींना विचारलंत तर ते 'मी आजारी होतो, तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतला' हे मत्तय 25 मधलं वचन म्हणून दाखवतील.

दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आमच्या एक आजी स्वतःच्या नातवांबरोबर शेजारच्या पोरांच्याही भाकरी थापतात, शाळेत धाडतात. उपासनेत संदेश देणार का, असं पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माले वाचता येत नही, पन भाकरी करता येस." आणि एक तरुण पाळक बारडोलीकडच्या ऊसतोड्यांच्या पडावावर जाऊन, दिवसभर कोयता चालवून दमलेल्या माणसांत बसून संध्याकाळची प्रार्थना घेतात. यातली खरी सेवा कुठली, असं मला निवडता येत नाही.

सरकारही करतं म्हणालात. करूच दे, चांगलंच आहे. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय इतकी वर्षं माणसं बरी करतंय. शेजारी सरकारी दवाखाना असला म्हणून तिथल्या परिचारिकेची रात्रपाळी देवापुढे कमी भरते का?

तुमची एक गोष्ट मात्र मला पूर्ण मान्य आहे: प्रार्थना सुटली की धावपळ कोरडी होते, आणि मग माणूस मार्थेसारखा चिडतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली प्रार्थनेचं मोठं जागरण, म्हणजे आध्यात्मिक नवजागृती, झालं. ते झालं कुठे, तर दुष्काळातून आणलेल्या मुली जिथे स्वयंपाक, शेती, विणकाम, छपाई करत होत्या तिथेच. रमाबाई स्वतः 1922 मध्ये वारेपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर राबत होत्या. त्यांचं कुठलं काम आध्यात्मिक आणि कुठलं सामाजिक, हे तुम्हीच वेगळं करून दाखवा.

शेवटी एक मागणं. तुमच्याकडे दर शुक्रवारी उपास-प्रार्थना असते, असं लिहिलंत. वॉर्डातल्या आईबापांची परवानगी घेऊन मी लेकरांची नुसती पाळण्यातली नावं कळवीन, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या गटात कुणाला पावरी येत असेल तर मंगळवारी सकाळी गुरुजींकडे पाठवा. मंगळवारी रांग मोठी असते आणि त्यांचे गुडघे आता फार वेळ उभं राहू देत नाहीत.