'हॅव'नं वैताग आणलाय नुसता!

रात्रीचे साडेदहा वाजलेत. उद्या आठवीतल्या लेकीची इंग्रजीची चाचणी, आणि मी 'हॅव'शी झोंबतेय.

मागच्या चाचणीत तिनं लिहिलं, 'आय ॲम हॅविंग वन ब्रदर'. बाईंनी लाल फुली मारली. का, तर म्हणे 'असणं' या अर्थी हॅवला आयएनजी लावायचा नाही. बरं, नाही लावत. मग 'वी आर हॅविंग लंच' कसं चालतं? तिथं म्हणे हॅव म्हणजे जेवणं! अहो, मग ते 'ईट' काय उपाशी बसायला ठेवलंय?

आणि 'हॅव म्हणजे जवळ असणे' असं पोरांना घोकायला लावणाऱ्याला तर मला एकदा भेटायचंय. मराठीत याला एक शब्दच नाही, हे का नाही सांगत? आपल्याकडे पेन 'माझ्याकडे' असतं, भाऊ 'मला' असतो, धमक 'माझ्यात' असते. क्रियापद साधं 'असणं', बाकी सगळी करामत 'मी'च्या रूपांची. इंग्रजीनं पेन, भाऊ, धमक सगळं एकाच पोत्यात कोंबलं. 'आय हॅव अ फीवर'. ताप काय खिशात घालून फिरते मी?

पुढे तर कहरच. 'आय हॅव टू गो' म्हणजे मला जावं लागणार. 'आय हॅव गॉन' म्हणजे मी गेलेसुद्धा! 'आय हॅव कट माय हेअर' म्हणजे केस मी कापले. 'आय हॅव हॅड माय हेअर कट' म्हणजे दुसऱ्याकडून कापून घेतले. आपण 'घेतले' एवढं एक जोडतो आणि मोकळे होतो. यांच्यात 'कट' उचलून शेवटी ठेवायचा, वर 'हॅव हॅड' अशी जोडगोळी. त्यातला पहिला म्हणे सहायक, दुसरा मुख्य. चेहरे तर सारखेच, पोरीनं ओळखायचं कसं?

'डझ शी हॅज' लिहिलं की पुन्हा मार्क गेला, कारण त्यातला एस 'डझ'नं आधीच गिळलाय. आम्हाला पाचवीत एबीसीडी भेटली म्हणून आम्ही कच्चे, असं म्हणायचे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. फरक काय पडला? फुल्या चार वर्षं आधी सुरू झाल्या!

आता 'यू हॅड बेटर स्लीप'. दिसायला भूतकाळ, आणि झोपायचंय अजून पुढे. हे समजावायला मान वर केली, तर लेक वहीवर डोकं टेकून कधीच झोपलीय.