मामा, तुमची हेल्थ किती उरली?

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर व्हिडिओ गेममध्ये असते तशी हिरवी पट्टी हवी, असं माझं ठाम मत आहे. आपल्यात किती जीव उरलाय हे बर्डीच्या सिग्नलवर उभ्या माणसाला स्वतःला कळतंच. पट्टी हवी ती त्याला कामाला पाठवणाऱ्यांसाठी. पारा ४६ वर असताना कूलरच्या ताट्या आणून मी घरात कोसळतो, तेव्हा बाबा पेपरातून मान वर करून म्हणतात, "आलाच आहेस बाहेरून, तर इस्त्रीचे कपडे पण घेऊन ये." पट्टी लाल होऊन लुकलुकत असती तर एवढी हिंमत झाली असती का? बाबांची झाली असती म्हणा. ते उन्हाळ्यात सायकलनं कामठीला जायचे, असं ते सांगतात.

पट्टीचं शास्त्र मला भाच्यानं शिकवलं. पोट्टा सुट्टीभर आमच्याकडे कूलरसमोर मुक्कामाला असतो. मी अगदीच अडाणी होतो असं नाही. आमच्या वेळी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' होता. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते पार्लरवाल्यालाही माहीत नसावं. पट्टी संपत आली की रस्त्यातला ड्रम फोडायचा, आतून काहीतरी खायला निघायचं, ते उचललं की पट्टी भरायची. रस्त्यावरचं खाऊन तब्येत सुधारते हे तत्त्व तेव्हा जे अंगात भिनलं, ते तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर मी अजून पाळतो.

त्याच वर्षी आलेल्या 'डूम'मध्ये पट्टीऐवजी टक्क्यांचा आकडा होता आणि त्याच्या बाजूला गड्याचा चेहरा. शंभर टक्क्यांना चेहरा ठणठणीत, मग आकडा उतरेल तसा रक्तानं माखत जायचा. त्याची शेवटची अवस्था मी प्रत्यक्ष पाहिली आहे. एका कार्यालयात दाखल्यासाठी रांगेत उभा होतो, पंखा बंद होता, आणि खिडकीच्या काचेत समोरच दिसत होती. रक्त तेवढं नव्हतं.

सगळ्यात दुष्टपणा मात्र १९८६ च्या 'झेल्डा'चा. त्यात जीव म्हणजे लाल बदामांची रांग. ती संपत आली की टीं-टीं-टीं असा आवाज सुरू होतो आणि बदाम भरेपर्यंत थांबत नाही. मरणाऱ्याला कळत नसेल, म्हणून आठवण. माझ्या बाबतीत हे खातं बाबांच्या फोनकडे आहे. "पोचला का?" पाच मिनिटांनी, "अजून नाही पोचला? काहून बे?" हेल्मेटच्या आत, दुपट्ट्याच्या खाली, घामानं निसरड्या झालेल्या कानाला फोन लावून हे ऐकायचं.

एकदा असाच परत आलो तर भाच्यानं मोबाइलवरून नजर न काढता निदान केलं. "मामा, तुमची हेल्थ लय कमी होऊन राहिली."

"रस्त्यात उसाचा रस प्यायलो नं रे."

"ते बँडेज झालं, मामा. पब्जीत बँडेज कितीबी लावा, पंच्याहत्तरच्या वर जातच नाही. फुल करायला मेडकिट पायजे."

मला हे इतकं पटलं की मी लगेच आईला पन्हं मागितलं. उसाचा रस, मठ्ठा, खिशातला कांदा ही सगळी पंच्याहत्तरपर्यंतची औषधं. शंभरचा आकडा फक्त घरातच गाठता येतो.

पट्टीवर फार विश्वास ठेवू नये, हेही भाच्यानंच सांगितलं. काही गेममध्ये शेवटचा तुकडा दिसतो त्यापेक्षा चिवट ठेवतात, म्हणजे खेळणाऱ्याला आपण थोडक्यात वाचलो असं वाटून मजा येते. मीटरचं काय सांगावं! मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा नंतर हवामान खात्यानं केला. आमच्या गल्लीत तो कोणी मानला नाही.

नव्या गेमांनी तर पट्टीच काढून टाकली. २००१ च्या 'हॅलो'मध्ये आपोआप भरणारं कवच आलं आणि २००५ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी २' मध्ये जीवच आपोआप भरू लागला. गोळ्या लागल्या की पडदा लाल होतो, श्वास जोरात ऐकू येतो. मग भिंतीआड लपायचं, काहीही करायचं नाही, थोड्या वेळात माणूस ठणठणीत. हा केवढा मोठा शोध म्हणून भाचा सांगत होता. मी ऐकून घेतलं. बारा ते चार खिडक्यांना ओले पडदे लावून, कूलरसमोर चटईवर आडवं होऊन हेच करत आमच्या पिढ्या गेल्या. फक्त त्याचा गेम काढावा असं कोणाला सुचलं नाही.

"पण मामा, एकाच जागी लपून राहिलं नं, तर ते लोक ग्रेनेड फेकतात."

"मग?"

"मग उठून पळा लागते."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. कूलरमधलं पाणी संपलं होतं.