डग्ग्याचा माईक भाषणाला गेला

पत्रिकेवर "सायंकाळी ठीक ७ वाजता" असं छापता कशाला? तुम्हाला सातला सुरू करायचं नसतं आणि ते छापताना तुम्हालाच ठाऊक असतं. मग ते "ठीक" कोणासाठी? आमच्यासाठी, कारण आम्ही सातच्या आत हजर नसलो तर तुमचे फोनवर फोन सुरू होतात. आणि त्या म्हाताऱ्या माणसांसाठी, जी पावणेसातलाच येऊन पहिल्या चार रांगांतल्या खुर्च्या धरून बसतात.

चौदा वर्षं तबला वाजवतोय. सहाजणांचं पथक आहे आमचं, सगळे गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासचे. नाट्यगीतं, भावगीतं, अभंग. जत्रा, वर्धापनदिन, चवथीची मंडळं, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, कधी पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात सावंतवाडी-कुडाळपर्यंतही जातो. रस्त्याचे हाल आम्ही कधी कोणाला सांगत बसत नाही. टायर पंक्चर होतो, पेटीवर कोणीतरी ॲम्प्लिफायर ठेवतो, अनमोडच्या घाटात ट्रकमागे तास जातो. फिरायचं म्हटलं की हे आलंच. पण गेल्या महिन्यात पेडणे तालुक्यातल्या एका जत्रेत जे झालं ते सोडून देणार नाही, कारण ते फक्त त्या दिवशी झालेलं नाही. दर तिसऱ्या कार्यक्रमाला हेच होतं.

दुपारी अडीचला निघालो. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामात अडकलो, सव्वापाचला पोचलो. मंडपवाला अजून खिळे ठोकत होता. साउंडवाला सहा वाजून दहा मिनिटांनी आला, त्याच्याबरोबर एकच पोरगा. आम्हीच केबल ओढल्या, आम्हीच स्टँड लावले. मला दोन माईक मिळाले, एक उजव्या हाताच्या तबल्याला, एक डाव्या हाताच्या डग्ग्याला. साडेसहाला तबला गायकाच्या सुराला, काळी एकला लावला. आमची गायिका काळी चारमधून गाते, तिच्यासाठी दुसरा तबला, तोही लावून ठेवला. सात वाजता आम्ही तयार होतो. खुर्च्या भरल्या होत्या. पोरं पुढे सतरंजीवर बसली होती.

सुरू करूया का विचारलं. "पाच मिनिटं हां दादा, पाहुणे वाटेत आहेत."

पाहुणे आले आठ वाजून वीस मिनिटांनी.

त्यानंतर समई. वात पेटेना, कारण वारा. मग स्वागत, मग पुष्पगुच्छ, आणि पुष्पगुच्छ द्यायला प्रत्येक वेळी वेगळा माणूस, त्याचं नाव पुकारायचं, तो मागून चालत येणार. मग रांगोळी स्पर्धेची बक्षिसं, आणि उत्तेजनार्थसुद्धा पाच. मग भाषणं. एकामागून एक चार भाषणं. आम्ही मागे बसलेलो, मांडी घालून, वाद्यं पुढ्यात, कारण "आता लगेच तुमचंच" असं सांगून आम्हाला मंचावरून उठू दिलं नव्हतं.

आणि भाषणात काय होतं? गोवा ही कलेची भूमी. दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवा मंगेशीचे. केसरबाई केरकर आमच्या केरीच्या, त्यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर याच मातीतले. सगळं खरं आहे. यातले पहिले तिघे तर आमच्याच फोंडा तालुक्यातले, त्यांची नावं घेतली की माझा ऊर भरून येतो. पण हे सांगणारा माणूस पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत उठून गेला! उठला तो उठला, त्याला निरोप द्यायला समितीचे दहाजण मंचासमोरून उभे आडवे गेले, आणि आमच्या गायकाने आलाप सुरू केला होता तो तोडून निवेदकाने माईकवर आभार मानले. केसरबाईंचं ते गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. तेवढा वेळसुद्धा या माणसाला खुर्चीत बसवलं नाही.

आता माईकचं ऐका. भाषणाच्या टेबलावरचा माईक घरघरायला लागला. अर्थिंगचा घोळ असणार, मंडपवाल्याच्या वायरी आणि साउंडच्या वायरी एकाच बोर्डावर होत्या. तो दुरुस्त करायचा की नाही? नाही. एक कार्यकर्ता मंचावर चढला, मला न विचारता माझ्या डग्ग्यासमोरचा माईक स्टँडसकट उचलला आणि पाहुण्यापुढे नेऊन ठेवला. भाषणं संपल्यावर तो तिथेच राहिला. मी खुणा केल्या, हाका मारल्या. साउंडवाला पोरगा जेवायला गेला होता. पहिली दोन गाणी डग्ग्याशिवाय गेली. तबला ज्यांनी लक्ष देऊन ऐकलाय त्यांना सांगायला नको, डग्गा नसेल तर उरतं काय? कोरडी टणटण. ठेक्यातलं सगळं घुमणं, सगळा श्वास डाव्या हातात असतो. कार्यक्रमानंतर एक गृहस्थ येऊन मलाच म्हणाले, "आज तबला जरा टणटणीत वाटला." काय उत्तर देणार?

आणि सूर. साडेसहाला लावलेला तबला सव्वानऊला तसाच राहत नाही हो! माझ्या उजव्या हाताला बरोबर वर हॅलोजन होता. पावणेतीन तास तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, त्याखाली तापली. तापली की कातडं ताणतं, सूर चढतो. पेटी जागची हलत नाही, मलाच खाली यावं लागतं. गायक माईकपुढे उभा, समोर तीनेकशे माणसं, आणि मी हातोडी घेऊन पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर खालून ठोकतोय. एक घर, दुसरं घर, समोरचं घर, परत पहिलं. दोन मिनिटं लागली. तेवढ्यात निवेदक म्हणतो, "कलाकारांची अजून तयारी चालू आहे, तोवर आपण..." अजून तयारी? आम्ही सातला तयार होतो. तीनेकशे माणसांसमोर उशिराचा आळ आमच्यावर आला.

नऊ अठराला सुरू केलं. नऊ अठ्ठावन्नला समितीचा एकजण मंचाच्या कोपऱ्यातून मनगटावर बोट ठोकून दाखवू लागला. दहाला बंद.

दहाच्या नियमाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, बंदिस्त सभागृहाला सूट. सणासुदीला बारापर्यंत परवानगी सरकार देऊ शकतं, पण वर्षातून पंधराच दिवस. बरोबर आहे. माझी आई दोन वर्षं अंथरुणावर होती, रात्रीचा आवाज म्हणजे काय ते मी घरात बघितलंय. हणजूण-वागातोर किनाऱ्यावरचे लोक पार्ट्यांच्या रात्रभरच्या धडधडीविरुद्ध हायकोर्टापर्यंत गेले, ते योग्यच केलं त्यांनी. नियम दहाचा आहे हे समितीला जत्रेच्या आदल्या वर्षीही माहीत होतं. सात ते दहा, तीन तास. पुरे की! त्यातले सव्वादोन तास तुम्ही खाल्ले.

समोर दुसऱ्या रांगेत एक आजी होत्या. कानटोपी, शाल, मांडीवर नात झोपलेली. मध्येच त्यांनी एका पोराच्या हाती चिठ्ठी पाठवली, शाळेच्या वहीच्या पानावर पेन्सिलीने एका अभंगाचं नाव. आमच्या यादीत तो होता, शेवटून दुसरा. आम्ही तिथवर पोचलोच नाही. आवरताना त्या मंचाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे बाबा, पुढच्या वर्षी म्हणा." पावणेसातपासून बसलेल्या त्या. पाय सुजलेले दिसत होते. त्यांच्यासमोर मान वर करवेना मला, आणि चूक माझी नव्हती.

मग पाकीट. ठरले होते १८,०००. पाकिटात १२,०००. विचारलं तर म्हणे, "कार्यक्रम चाळीसच मिनिटं झाला ना, समितीत तसं ठरलं." चाळीस मिनिटं कोणी केली? वेळ तुम्ही घेतला आणि त्या गेलेल्या वेळेचे पैसेही आमच्याच खिशातून कापलेत! गाडीचे साडेचार हजार गेले. उरले साडेसात, सहाजणांत साडेबाराशे. दुपारी अडीच ते रात्री दीड. आमचा ऑक्टोपॅडवाला पोरगा अर्धी सुट्टी टाकून आला होता, त्याचा तो पगारही गेला. शाली मात्र होत्या. पाहुण्यांना, पाहुण्यांच्या सोबत आलेल्यांना, मंडपवाल्यालासुद्धा. आमच्या पाळीला संपल्या.

जेवणही संपलं होतं. म्हापशाजवळ एक गाडा उघडा दिसला, रस-ऑम्लेट आणि पाव. आमची गायिका सोमवार पाळते. तिने चहात पाव बुडवून खाल्ला आणि गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपली. तिचा आवाज ऐकायला माणसं येतात. त्या बाईला रात्री बारा वाजता पाव-चहा!

आणि हे सगळं टाळता येत नाही असं कोणी मला सांगू नये. याच गावात देवाची पालखी ठरल्या वेळेला उठते. कोणी मोठा माणूस वाटेत आहे म्हणून पालखी थांबवलेली मी अजून बघितली नाही. हीच माणसं भजन स्पर्धेत उतरतात तेव्हा घड्याळाकडे डोळे लावून बसतात, मिनिट वाया जाऊ देत नाहीत. म्हणजे वेळ पाळता येते. गाण्याची वेळ पाळायची नाही, एवढंच ठरलेलं आहे.

चोडण बेटावर मागच्या वर्षी गेलो होतो, एका देवळाच्या वर्धापनदिनाला. तिथले काका, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, "तबल्याला किती माईक? खाली गादी हवी की चौरंग?" चौदा वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं. साडेसहा म्हणजे साडेसहाला त्यांनी घंटा वाजवली आणि सुरू करा म्हणाले. कोणीतरी पाहुणा यायचा होता. तो मध्यंतरात आला, खाली लोकांत बसला, दोन मिनिटं बोलला. भाषण छान झालं, खरंच. नऊला भैरवी. "रात्री फेरीबोटी विरळ होतात, तुमचे हाल नकोत," म्हणून काकांनी आधी आम्हाला जेवायला बसवलं, वालाची उसळ, सोलकढी, मणगणें. मग स्वतः बॅटरी घेऊन धक्क्यापर्यंत आले.

त्या रात्री फेरीबोटीत आमची गाडी आणि चार-पाच स्कूटर. नदीवर वारा नव्हता, पलीकडे रायबंदरचे दिवे पाण्यात लांब पसरलेले. गायिकेने कार्यक्रमात राहून गेलेली एक ओळ सहज गुणगुणली. ऑक्टोपॅडवाल्याने गाडीच्या पत्र्यावर ठेका धरला. स्कूटरवरचा एक माणूस, मासळीची पाटी पायांशी, त्याने सीटवर टाळी द्यायला सुरुवात केली, आणि समेवर बरोबर आला. परत बरोबर आला. मी पिशवीतून डग्गा काढला. धक्का लागेपर्यंत वाजवत होतो, आणि खलाशाने फळी टाकायच्या आधी आमचं आवर्तन पूर्ण होऊ दिलं.

याच्यासाठी फिरतो आम्ही. तेवढ्यासाठी पर्वरीतला तास सोसतो, अर्धी सुट्टी टाकतो, थंडीत दव पडून पुडी उतरली की परत परत लावतो. हे सुख गोव्यात गावोगावी आहे. माणसं खुर्च्या धरून वाट बघत बसलेली असतात, आम्ही मंचावर तयार बसलेले असतो, आणि मधे उभा असतो तो पुष्पगुच्छ. म्हणून चीड येते. लोकांना गाणं नकोच असतं तर मी तबला गुंडाळून घरी बसलो असतो, चीड आली नसती.

परवा सत्तरी तालुक्यातल्या एका मंडळाचा फोन आला. "दादा, कार्यक्रम सात म्हणजे सातला." मी विचारलं, पाहुणे किती वाजता येणार? थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "ते साडेआठपर्यंत पोचतील." मी म्हटलं, मग सातला आम्ही सुरू करतो, ते आले की गाणं संपल्यावर त्यांचं स्वागत करा. नसेल जमत तर पत्रिकेवर साडेआठ छापा, लोक जेवून तरी येतील. पैसे अर्धे आधी, अर्धे मंचावर चढण्यापूर्वी. आणि माझ्या डग्ग्यासमोरचा माईक कोणी हलवायचा नाही, हे पण लिहून घ्या.

तो म्हणाला, "जाता मरे, समितीत विचारून सांगतो."

अजून त्याचा फोन आलेला नाही.