घड्याळ म्हणे शेतकऱ्यांसाठी पुढे करतात!

अमेरिका-युरोपात उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करतात, संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून, आणि हिवाळ्याआधी परत मागे. मार्चमध्ये ती पुढे गेली की तिकडच्या मराठी ग्रुप्सवर हमखास एक मेसेज फिरतो, मुलांना ही गोष्ट जरूर सांगा म्हणून. गोष्ट अशी की बेंजामिन फ्रँकलिनने ही युक्ती शोधली, शेतकऱ्यांना उजेड मिळावा म्हणून ती लागू झाली, त्याने वीज वाचते आणि भारतात असलं काही कधी झालंच नाही. यातलं शेतकऱ्यांचं मला सगळ्यात जास्त खटकतं, म्हणून आधी तेच घेते.

अमेरिकेत १९१८ ला हा कायदा आला तेव्हा सगळ्यात जोरात विरोध शेतकऱ्यांनीच केला. गवत कापायचं तर आधी दव सुकायला हवं आणि दव सुकतं ते उन्हाने, पण मजूर घड्याळ बघून येणार आणि घड्याळ बघूनच सुटणार, म्हणजे सकाळी हातावर हात धरून बसा आणि संध्याकाळी काम रंगात आलं की माणसं घरी. गाईला तर घड्याळ कळतच नाही, अवेळी धार काढायला बसलात की ती पान्हा चोरते. शेवटी १९१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष विल्सन यांचा व्हेटो डावलून तो कायदा रद्द केला. ज्यांनी भांडून बंद पाडलं त्यांच्याच नावावर आपण ते खपवतोय, हा सरळ अन्याय आहे.

फ्रँकलिनने १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं हे खरं, पण ते थट्टेचं होतं. लोकांनी लवकर उठून मेणबत्त्या वाचवाव्यात म्हणून खिडक्यांच्या झडपांवर कर लावा, मेणबत्त्यांचं रेशनिंग करा, पहाटे चर्चच्या घंटा वाजवा आणि तरी लोक उठले नाहीत तर तोफा डागा! घड्याळाचे काटे हलवा असं त्यात कुठेच नाही. ते सुचवलं न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने, १८९५ मध्ये, तेही थेट दोन तासांनी. हा पोस्टात शिफ्टमध्ये काम करायचा आणि सुटल्यावर किडे गोळा करायचा, त्याला संध्याकाळचा उजेड हवा होता. मुलांना गोष्टच सांगायचीये तर त्याच देशातली माओरी लोकांची माउईची सांगा ना, दिवस फार लवकर संपतो म्हणून भावांना घेऊन जातो, सूर्याला दोरखंडाने बांधतो आणि पूर्वज आजीच्या जबड्याच्या हाडाने असा बडवतो की तेव्हापासून सूर्य हळू चालतो. पोरं झोपायचं विसरतील.

देशभर घड्याळ पहिल्यांदा बदललं जर्मनीने, ३० एप्रिल १९१६ ला, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून. तेव्हा मोठा खर्च दिव्यांचा होता, आता एसीचाही आहे आणि संध्याकाळी ऊन असलं की तो जास्त चालतो. इंडियाना राज्यात २००६ पासून सगळीकडे हे सुरू झालं तेव्हा अभ्यासकांनी बिलं तपासली, तर घरगुती वीज उलट साधारण १ टक्का जास्त लागली होती.

राहिला भारत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, आपलंही घड्याळ तासभर पुढे होतं, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. युद्ध संपल्यावर ते सोडलं. आता परत आणायचं तरी कशाला, मुंबईत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक असतो, लंडनमध्ये तोच जवळजवळ नऊ तासांचा, आणि सव्वादोन तासांसाठी वर्षातून दोनदा अख्ख्या देशाची झोप कोण मोडणार?