गज म्हणजे गवत नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर येऊन पडला. वर दोन बाणांचा ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ शिक्का होताच. मजकूर असा: ‘सशाचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून तो पिंजऱ्याचे गज चावतो. काळजी करू नका, चावू द्या, त्याने दात झिजतात. आवाजाचा त्रास होत असेल तर लाकडाचा ठोकळा द्या. तरी थांबला नाही तर गजांना मिरचीचं पाणी किंवा कडुलिंबाचं तेल लावा आणि रात्री पिंजऱ्यावर चादर टाका. ससा एकटाच ठेवा, दोन ठेवले की भांडतात. १५ दिवसांत सवय मोडते.’

खाली भराभर अंगठे. पहिला अंगठा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. त्यांच्या नातीसाठी दिवाळीत ससा आलाय आणि रात्री दोन वाजता त्यांच्या गॅलरीतून येणारी टंगटंग आता अख्ख्या विंगेला पाठ झाली आहे.

मी कोथरूडमध्ये गेली नऊ वर्षं ससे पाळतेय. पहिल्या सशाच्या वेळी या मजकुरातलं निम्मं मी स्वतः केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ग्रुपवर एवढं लांब लिहिलं की सेक्रेटरी रागावतात.

मजकुराची गोम अशी की पहिलं वाक्य खरं आहे. सशाचे दात वाढायचे थांबत नाहीत. पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात. पण सशाच्या तोंडात दात असतात २८ आणि त्यातले पटाशीचे फक्त ६. खाली दोन, वर दोन मोठे आणि त्या मोठ्यांच्या मागे लपलेले दोन इवलेसे. (हे मागचे दोन उंदरांना नसतात. ससा हा उंदराचा भाऊबंद नव्हे, त्याचा गणच वेगळा, हे १९१२ मध्ये मांडलं गेलं. आमच्या ग्रुपवर ते अजून पोचायचंय.) उरलेल्या २२ दाढा. त्याही जन्मभर वाढतात. आता गज चावणारा ससा डोळ्यांसमोर आणा. गज पोचतो कुठपर्यंत? पटाशीपर्यंत. पटाशी आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, त्यामुळे दाढांना गजाचा स्पर्शही होत नाही. मग बावीसच्या बावीस दाढा झिजणार कशाने?

त्या झिजतात गवताने. गवत चघळताना सशाचा खालचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, मिनिटाला शंभरेक वेळा. गवतातली सिलिका काचकागदाचं काम करते आणि दातावर दात घासला जातो. गाजर किंवा पेलेट (म्हणजे दुकानात मिळणारं दाबलेलं कोरडं खाद्य) खाताना जबडा वरखाली हलतो, आडवा फारसा जात नाही. गवत कमी पडलं की दाढांना टोकं येतात. खालची जिभेला बोचतात, वरची गालाला. मग ससा खाणं टाकतो आणि आपण म्हणतो, लाडावलाय.

गज चावल्याने पटाशीचे दात नीट झिजतात का? तेही नाही. दात एकमेकांवर घासले जावेत अशी त्यांची रचना आहे. लोखंडाला तिरका हिसडा मारला की दाताला चीर जाते, मूळ हलतं, कधी दातच मोडतो. आमच्या टिल्लूचा वरचा दात असाच मोडला. परत आला तो वाकडा. समोर टेकायला दात नाही म्हटल्यावर खालचा तोंडाबाहेर वाढू लागला आणि पुढे जन्मभर महिना-सव्वा महिन्याने दात कापायला दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. एका दुकानदाराने मला ‘घरीच नेलकटरने कापा की’ असं सांगितलं होतं. कृपा करून असं करू नका. दात उभा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाऊ शकते. स्वस्त पिंजऱ्याच्या तारेवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो, तो खरवडून पोटात गेला तर जस्ताची विषबाधा होऊ शकते, ते आणखी वेगळं.

मग ससा गज चावतो तरी कशाला? प्राणिसंग्रहालयातलं अस्वल त्याच त्या भिंतीलगत फेऱ्या मारताना तुम्ही पाहिलं असेल. हा त्यातलाच प्रकार. मोकळा ससा दिवसातले कित्येक तास नुसता चरत असतो. त्याची जागं असण्याची मुख्य वेळ पहाट आणि तिन्हीसांजा. भरदुपारी तो पेंगतो. आपण काय करतो? संध्याकाळी वाटीभर पेलेट आणि गाजराचा तुकडा देतो. ते दहा मिनिटांत फस्त. पुढचे बारा तास तोंडाला काम नाही, पायांना जागा नाही, उकरायला माती नाही. समोर काय, तर गज.

यावर अटकळी लढवण्याचीही गरज नाही. स्वीडनमधल्या संशोधक लेना लिडफोर्स यांनी १९९७ मध्ये एकेकट्या पिंजऱ्यात ठेवलेल्या प्रयोगशाळेतल्या सशांना वेगवेगळ्या गोष्टी देऊन पाहिल्या: सुकं गवत, गवताचे दाबलेले ठोकळे, कुरतडायची काडी आणि एक खोकं. गज चावण्यासारखं विकृत वागणं कमी करण्यात सरस ठरलं ते साधं सुकं गवत. काडी आणि खोकं मागे पडलं. ‘लाकडाचा ठोकळा द्या’ या सल्ल्याचं एवढ्यातच काय ते झालं. माझ्याकडे दुकानातून आणलेला असा एक रंगीत ठोकळा आहे. नऊ वर्षांत त्यावर एकही दात उमटलेला नाही. दाराला अडकण म्हणून तो बरा आहे.

आता गवत. पुण्यात खरी अडचण इथेच येते. ‘गवत द्या’ म्हटलं की माणसं लसूणघास आणतात, कारण तोच सहज मिळतो आणि ससाही मिटक्या मारत खातो. सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तो चालतो. मोठ्या सशाला रोज नको. सशाचं शरीर खाण्यातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि जादाचं लघवीवाटे टाकतं; लसूणघासात ते भरपूर. मग लघवीत चुन्यासारखा गाळ येतो आणि मूत्राशयात साठतो. भाताचा पेंढा अंथरायला छान, पण तेच जेवण म्हणून पुरणारं नाही. टिमोथी गवताची आयात पाकिटं मिळतात, महागही असतात. परवडत असतील तर घ्या. नसतील तर आपली हरळी काय वाईट? ताजी हरळी, म्हणजेच दुर्वा, ससा आवडीने खातो आणि सावलीत वाळवून ठेवली तर तेच त्याचं सुकं गवत. मारवेलही चालतं. फवारणीची जागा आणि रस्त्याकडेची, कुत्री फिरतात तिथली टाळायची आणि एकदम भारा न टाकता आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यायचं. ओलं गवत ढीग करून ठेवलं तर आतून तापतं आणि बुरशी धरते, तसलं मुळीच नको.

जेवणाचं प्रमाण सांगायचं तर चार हिश्श्यांतले तीन हिस्से, खरं तर त्याहूनही जास्त, गवत. बाकी मूठभर पाला: कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. पेलेट वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास, त्याहून जास्त नको. गाजर हा सशाचा खाऊ आहे, जेवण नाही. दोन बोटांएवढा तुकडा, तोही अधूनमधून.

आणि हे सगळं वाटीत वाढायचं नाही. मी केलेल्या बदलांमध्ये सगळ्यात जास्त फरक पडला तो याने. बुरूड आळीतून बिनरंगाची, बिनवार्निशची बांबूची टोपली आणली, तीत गवत कोंबलं आणि मधे मधे कोथिंबिरीच्या काड्या खोचल्या. ससा तासभर त्यात गुंतला. पुढे चार दिवसांत टोपलीच खाऊन टाकली, पण त्यासाठीच तर ती आणली होती. पेलेट तर मी आता वाढतच नाही. गवतात विस्कटून देते, शोधत बसतो. पुठ्ठ्याचं खोकं घेऊन (पिना आणि चिकटपट्टी काढून) त्याला दोन भोकं पाडली, एक आत जायला, एक बाहेर पळायला, की बीळ तयार. जुन्या टबात कागदाच्या चिंध्या नाहीतर साधी माती भरली की उकरायची सोय झाली. लाकूड द्यायचंच असेल तर तुतीची सालीसकट फांदी द्या, ठोकळा नको. सुबाभूळ मात्र शेळ्या खातात म्हणून सशाला देऊ नका, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात. कण्हेर आणि घाणेरी तर विषारीच.

मिरची आणि कडुलिंबाच्या तेलाबद्दल फार लिहीत नाही. ससा तोंड पुढच्या पंजांनी पुसतो, पंजे चाटतो, पुन्हा तोंड पुसतो. गजावरची मिरची डोळ्यांत जायला पाच मिनिटं पुरतात. समजा तो घाबरून थांबलाच, तरी भूक आणि कंटाळा आत तसाच राहतो. मी तेल लावलं होतं. टिल्लूने गज सोडला आणि स्वतःच्या पोटावरचे केस उपटायला सुरुवात केली.

चादरीचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ती जिवावर बेतू शकते. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की त्याला जड जातं आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये चाळिशी येते. पश्चिमेच्या गॅलरीत, पत्र्याखाली, चादर टाकलेला पिंजरा म्हणजे भट्टी. ससा घरात, फरशीवर ठेवा. शहाबादी असेल तर उत्तमच. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मोठ्या तोंडाचा रांजण आणून तो आडवा टाकला, बाहेरून ओल्या फडक्याने पुसला, की आमचे दोघं अख्खी दुपार त्यात एकमेकांना चिकटून पडलेले असतात. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली तरी चालते.

‘दोघं’ म्हटलं, कारण मजकुरातला एकट्याचा सल्लाही अर्धाच खरा आहे. दोन ससे अचानक एका पिंजऱ्यात कोंबले तर भांडतातच, रक्त निघेपर्यंत. पण पाळीव ससा ज्या रानसशापासून आला तो टोळीने बिळांत राहतो. (आपल्या माळावर दिसणारा ससा वेगळा. तो बीळ करत नाही, एकटा असतो आणि वन्यजीव कायद्याखाली येतो. त्याला घरी आणायचं नाही.) दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं. नराच्या ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवायचं, नाहीतर महिन्याभरात पिल्लं मोजत बसाल. मग दोघांनाही अनोळखी अशा जागी, थोडा थोडा वेळ, समोरासमोर आणायचं. आमच्याकडे ते बाथरूमपुढच्या पॅसेजमध्ये झालं, पाच आठवडे लागले. मादीला ऑपरेशनचा दुसराही फायदा आहे: वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर सशिणींमध्ये फार आढळतो. मात्र भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना सशांचा अनुभव आहे ना, हे स्पष्ट विचारा. आणि ‘उपाशी ठेवून आणा’ असं सांगितलं तर सावध व्हा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्याला कुत्र्यामांजरासारखं उपाशी ठेवायचं कारण नसतं.

मजकुरात जागेचा शब्दही नाही, याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी ३ मीटर बाय २ मीटर जागा सांगते, १ मीटर उंचीची. पुण्यातल्या वन बीएचकेत हे वाचून हसू येईल. मलाही आलं होतं. पण पिंजरा काढून टाकला आणि त्याच्या पैशांत लोखंडी जाळीच्या घडीच्या चौकटी आणल्या, तर हॉलचा एक कोपरा तेवढा होतो आणि पाहुणे आले की गुंडाळता येतो. वायरी मात्र आधी पाइपात घाला. आपल्याकडचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही, कलम ११ मध्ये, जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा मानतो. काकांच्या गॅलरीतला पिंजरा मी पाहिला आहे. ससा त्यात वळतो, एवढंच. तळही तारेचा आहे, त्याने तळपायांना जखमा होतात. निदान त्यावर जाड चटई तरी घालायला हवी.

राहिले १५ दिवस. इथे मलाही हात जोडावे लागतात. टिल्लूला गवत, जागा, सोबत सगळं मिळाल्यावरही तो पहाटे थोडा वेळ गज चावायचाच. कारण त्याने चावला की मी उठून दार उघडायचे. दोन वर्षं मीच त्याला शिकवलं होतं. मग मी रोज साडेपाचला, तो गप्प असताना, स्वतःहून दार उघडायला लागले आणि टंगटंगीला उठणं बंद केलं. पहिला आठवडा तो जास्तच जोरात चावत होता. शेजाऱ्यांची माफी मागितली. पूर्ण सुटायला चार महिने लागले.

एक अपवाद. आजवर न चावणारा ससा अचानक चावू लागला, किंवा हनुवटी ओली दिसली, घास तोंडातून पडू लागला, लेंड्या बारीक झाल्या, तर दात नाहीतर पोट बिघडलेलं असू शकतं. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच्या तेव्हा निघा.

हे सगळं मी काकांना जिन्यात सांगितलं. ते म्हणाले, “अगं, पण दुर्वा किती महाग झाल्यात!” म्हटलं, “काका, संकष्टीच्या दिवशी कशाला घेता? दुसऱ्या दिवशी मंडईत जा, उरलेल्या जुड्या मिळतील. फक्त धुऊन घ्या.”